फिजीला निघालात? व्होल्टेजचं सोडा, पिन आणि लोड बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. मे महिन्यात तुम्ही, बायको आणि आईवडील असे चौघं नाशिकहून निघून सिंगापूरमार्गे फिजीला जाताय. चार रात्री नांदीजवळच्या हॉटेलात, तीन रात्री यासावा बेटांवरच्या एका लहानशा रिसॉर्टमध्ये आणि शेवटच्या दोन सुवाला. बरोबर चार मोबाइल, एक लॅपटॉप, कॅमेरा, बायकोचं हेअर स्ट्रेटनर, आईची इंडक्शन शेगडी, आईचंच डासांचं मशीन आणि वडिलांचं सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं मशीन. मेहुणी न्यू जर्सीहून परस्पर नांदीला येणार. दुकानदाराने एक जडशीळ डबा काउंटरवर ठेवून "परदेशात व्होल्टेज कन्व्हर्टर लागतोच" असं सांगितलंय, आणि तो घ्यावा का, की युनिव्हर्सल ॲडॉप्टरवर भागेल, असं तुम्ही विचारताय.

कन्व्हर्टर घेऊ नका. एवढं उत्तर एका ओळीत देता येतं. पण तुमची यादी पाहिली तर अडचण भलतीकडेच आहे. पिनचा आकार ही एक, त्या पिनेतून तुम्ही किती लोड ओढणार ही दुसरी, आणि बेटावर रात्री दोन वाजता वीज असेल का ही तिसरी. तिसरीचा संबंध थेट वडिलांच्या झोपेशी आहे आणि नेमकं तेच तुम्ही विचारलेलं नाही.

मी विजेच्या कामातला माणूस. मूळचा सांगलीकडचा, सुपरवायझरचं लायसन्स आहे, पस्तीसेक वर्षं वायरिंग, पॅनेल आणि जनरेटर यातच गेली. त्यातली चार वर्षं फिजीत, व्हिटी लेवू या मुख्य बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, एका रिसॉर्टच्या मेंटेनन्स खात्यात काढली. रात्री-अपरात्री रिसेप्शनवरून फोन यायचा, अमुक खोलीतली लाइट गेली. टॉर्च घेऊन जाऊन बघावं तर बहुतेक वेळा पाहुण्यांनी घरून आणलेलं काहीतरी बोर्डात अडकवलेलं असायचं. त्या अनुभवावर पुढचं सांगतोय.

आधी व्होल्टेज. फिजीत 240 व्होल्ट, 50 हर्ट्झ. आपल्याकडे कागदावर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. कागदावर म्हणायचं कारण असं की रात्री अकरानंतर घरच्या बोर्डात मल्टीमीटर घालून बघा, 240-245 सहज दिसतात आणि तुमचा मिक्सर, टीव्ही, फ्रिज त्यावर वर्षानुवर्षं चाललेत. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा यांच्या चार्जरवर बारीक अक्षरात "100-240V, 50/60Hz" असं छापलेलं असतं. चष्मा लावून एकदा वाचून घ्या. ते असेल तर तो चार्जर जगात कुठेही चालतो. स्ट्रेटनरसारख्या कॉइलच्या वस्तूंना दहा व्होल्ट जादा मिळाले तर त्या थोड्या जास्त तापतात. हिशेब वर्गाने चालतो, म्हणजे 230 वर 1000 वॉट घेणारी वस्तू 240 वर साधारण 1090 वॉट घेईल. एवढ्याने काही जळत नाही.

म्हणजे दुकानदाराचा डबा तुमच्या काहीच कामाचा नाही. तो 120 व्होल्टच्या देशांसाठी असतो. पॅसिफिकमध्ये असेही देश आहेत. पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, शिवाय ग्वाम आणि अमेरिकन सामोआ, जिथे जिथे अमेरिकेचा हात पोचला तिथे 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ आणि दोन सपाट उभ्या पिना. ताहितीला गेलात तर फ्रेंच पद्धतीच्या गोल पिना. त्यामुळे "पॅसिफिक बेटांवर काय लागतं" असं मोघम विचारलं की उत्तर चुकतं, देशाचं नाव सांगून विचारावं. फिजी, सामोआ आणि टोंगा मात्र ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पंगतीतले.

आता पिन. फिजीच्या बोर्डात वरती दोन सपाट चिरा तिरप्या असतात, उलट्या व्ही अक्षरासारख्या, आणि खाली मधोमध एक उभी चीर. ती उभी अर्थिंगची. आपल्याकडे अर्थिंगचं मोठं भोक वर, तिथे खाली. बाकी बोर्ड पाहून परकं वाटणार नाही. प्रत्येक पॉइंटला आपल्यासारखं बटण असतं आणि ते आपल्यासारखंच खाली दाबलं की चालू. युरोपातले पाहुणे बटण न दाबता "चार्ज होत नाही" म्हणून तक्रार करायचे, आपल्या माणसांकडून ती तक्रार मी कधी ऐकली नाही.

जाता जाता एक गंमत. आपला तीन गोल पिनांचा टॉप मूळचा ब्रिटिश. 1947 साली इंग्रज इथून गेले आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे चौकोनी पिनांच्या 13 अँपिअर प्लगचं मानक आलं. त्यांनी टाकलेला टॉप आपल्याकडे आजही घरोघरी आहे. फिजीही 1874 पासून 1970 पर्यंत ब्रिटिशांचीच वसाहत, पण तिथे प्लग शेजाऱ्यांचा आला.

तर बाजारात "फिजीचा ॲडॉप्टर" मागू नका, दुकानदार तोंडाकडे बघत राहील. "ऑस्ट्रेलियन पिनवाला, वरून आपला थ्री-पिन बसेल असा" असं सांगा. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ इथे मिळेलच, नाशिकलाही इलेक्ट्रिकच्या चांगल्या दुकानात मिळायला हरकत नाही. सरकत्या बटणांचा चौकोनी युनिव्हर्सल ॲडॉप्टर की हा एकाच देशाचा साधा, असं विचाराल तर मी साध्याच्या बाजूचा. त्याची कारणं आहेत.

युनिव्हर्सलमध्ये पिना आत-बाहेर सरकतात, म्हणजे आतला प्रत्येक सांधा ढिला पडू शकतो. ढिला सांधा आणि लोड एकत्र आले की उष्णता. शिवाय बऱ्याचशा युनिव्हर्सलमध्ये अर्थिंग पुढे जातच नाही. आपल्या टॉपची जाड पिन जायला भोक दिलेलं असतं, पण आत पितळेची पट्टीच नसते. नुसतं बघून हे कळत नाही. घेताना दुकानातला मल्टीमीटर मागा, बझरवर ठेवा, एक टोक ॲडॉप्टरच्या अर्थिंगच्या भोकात आणि दुसरं खालच्या त्या एकट्या उभ्या पिनेला लावा. आवाज आला तर घ्या, नाही आला तर परत ठेवा. दुकानदार कुरकुरला तर त्याला कुरकुरू द्या.

अर्थिंग नसलं तर काय होतं ते सांगतो, कारण हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलाय. एक गृहस्थ रात्री घाबरून खाली आले, लॅपटॉपला करंट येतोय म्हणाले. जाऊन बघितलं. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप, तीन पिनांचा चार्जर आणि अर्थिंग नसलेला ॲडॉप्टर. बॉडीवरून बोटाची मागची बाजू अलगद फिरवली की बारीक झिणझिण्या जाणवत होत्या. चार्जरच्या आत फिल्टरसाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यातून अगदी किंचित करंट बॉडीवर येतो आणि एरवी अर्थिंगच्या वाटेने निघून जातो. ती वाट बंद झाली की तो तुमच्या बोटातून जायला बघतो. जिवाला धोका नसतो, पण माणूस दचकतो आणि हातातला चहा कीबोर्डवर जातो. त्या गृहस्थांना अर्थिंगवाला ॲडॉप्टर दिला आणि झिणझिण्या थांबल्या.

लॅपटॉपसाठी मी स्वतः आणखी सोपा मार्ग वापरतो. चार्जरचा ठोकळा आणि भिंत यांच्यामधली वायर ठोकळ्यातून निघते ना, तेवढीच बदलायची. तीन पाकळ्यांचं टोक असलेली, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियन प्लग असलेली वायर मिळते. ॲडॉप्टरचं नावच नाही, अर्थिंग पक्कं आणि लटकणारं वजनही नाही. वजनाचं म्हणतोय ते यासाठी की भिंतीत ॲडॉप्टर, त्यात चार्जर, असा मनोरा बाहेर आला की तो स्वतःच्याच भाराने पुढे झुकतो, पिना अर्ध्या बाहेर येतात आणि सकाळी मोबाइल बारा टक्क्यांवर असतो. दुकानात चाचणी सोपी आहे. ॲडॉप्टरमध्ये चार्जर बसवा आणि उलटा धरून हलवा. निसटला तर तो ॲडॉप्टर नको.

चार मोबाइल आणि कॅमेऱ्यासाठी चार ॲडॉप्टर नेऊ नका. एक ॲडॉप्टर आणि त्यावर तीन-चार यूएसबी तोंडांचा 65 वॉटचा एक चार्जर, काम झालं. घरचा एक्स्टेंशन बोर्ड न्यायचा असेल तर तोही चालेल, एकाच ॲडॉप्टरवर अख्खा बोर्ड. अट एवढीच की त्यावर फक्त चार्जर लावायचे. तापणारी वस्तू त्यावर लावली की सगळ्यांचा लोड त्या एका ॲडॉप्टरच्या गळ्यात येतो.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. अमेरिकेच्या सपाट दोन पिनांचा ॲडॉप्टर घरात पडलेला असतो, पक्कडीने पिना पिळून तिरप्या केल्या की फिजीच्या बोर्डात जातात. जातात खरंच. आमच्याकडे एकाने तसं केलं होतं. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी ओढताना एक पिन मोडून आत राहिली आणि बटण चालू होतं. खोलीचं मेन बंद करून, आख्खा बोर्ड उघडून, बारीक चिमट्याने तो तुकडा काढला. पितळ एकदा पिळलं की तिथेच चिरतं.

इथवरचा हिशेब असा: कन्व्हर्टर शून्य, अर्थिंगवाले ऑस्ट्रेलियन पिनचे ॲडॉप्टर तीन (एक तुमच्या खोलीत, एक आईवडिलांच्या, एक जादा, कारण एक हॉटेलच्या भिंतीत विसरणारच), लॅपटॉपची एक वायर आणि यूएसबी चार्जर एक.

आता लोड. स्ट्रेटनर न्या. घरगुती स्ट्रेटनर काही फार वॉट खात नाही, ॲडॉप्टर सहज झेपवतो. हेअर ड्रायर मात्र न्यायच्या भानगडीत पडू नका, तो हॉटेलात असतो. इंडक्शन शेगडीबद्दल आईंना माझ्यातर्फे सांगा, नको. तिथला साधा पॉइंट 10 अँपिअरचा. 240 व्होल्टला गुणलं तर 2400 वॉट होतात, म्हणजे कागदावर 1800-2000 वॉटची शेगडी बसते. पण ॲडॉप्टरवर काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच स्वस्त ॲडॉप्टरवर 6 अँपिअर असतं. त्यातून आठ-नऊ अँपिअर सलग वीस मिनिटं ओढले की आधी प्लास्टिकचा वास येतो, मग पिनेभोवती तपकिरी कडा उमटते. शिवाय तुमच्या शेगडीला जाड पिनांचा 16 अँपिअरचा टॉप असेल तर तो साध्या ॲडॉप्टरमध्ये जाणारच नाही. तो जावा म्हणून मधे पिन बदलणारा आणखी एक प्लग लावला की मनोरा तीन मजली होतो. खोलीत स्वयंपाक हॉटेलांना चालत नाही हे वेगळंच. फोडणीच्या धुराने अलार्म वाजला की आख्खा मजला बाहेर लॉनवर येऊन उभा राहतो. मी दोनदा पाहिलंय, एकदा जिऱ्याची होती आणि एकदा मोहरीची.

आईंना काळजी खाण्याचीच असणार. तर 1879 ते 1916 या काळात इथून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेल्या मजुरांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत. नांदी, लाउटोका, सुवा कुठेही डाळ, भात, रोटी, भाजी मिळते. भाजी गुंडाळलेली रोटी "रोटी पार्सल" म्हणून विकतात, प्रवासात फार सोयीची. दुकानात हिंदी बोलता येईल. त्यांची हिंदी आपल्यापेक्षा वेगळ्या वळणाची आहे, पण पाच मिनिटांत कान बसतो. खोलीत पाणी उकळायची किटली असते, तिला तिथे "जग" म्हणतात. चहाची सोय झाली. घरून खाऊ नेणार असाल तर उतरल्यावर तो फॉर्मवर जाहीर करा, तिथली तपासणी कडक आहे.

आता वडिलांचं सीपॅप. हा भाग नीट वाचा.

मशीन व्होल्टेजला घाबरत नाही. त्याच्या ठोकळ्यावर 100-240 लिहिलेलं असतं. नांदीला आणि सुवाला काही प्रश्न नाही, तिथे मुख्य ग्रिडची वीज आहे. डोंगरातल्या मोनासावू धरणावरचं जलविद्युत केंद्र 1983 पासून चालू आहे आणि मुख्य बेटाच्या विजेचा मोठा वाटा तिथून येतो, बाकी बरीचशी डिझेलवर. लाइट जाते अधूनमधून, पण आपल्यापेक्षा जास्त नाही. मे महिन्यात वादळांचा हंगामही संपलेला असतो, तो नोव्हेंबर ते एप्रिल. फेब्रुवारी 2016 च्या विन्स्टन चक्रीवादळासारखं काही आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती.

यासावाचं तसं नाही. ती बेटं ग्रिडला जोडलेली नाहीत. प्रत्येक रिसॉर्टची वीज स्वतःची, डिझेल जनरेटर, किंवा हल्ली सोलार, बॅटरी आणि जोडीला जनरेटर. मोठ्या रिसॉर्टमध्ये चोवीस तास असते. लहान ठिकाणी डिझेल बोटीने आणावं लागतं, महाग पडतं, म्हणून काही जण रात्री ठरावीक वेळी जनरेटर बंद करतात. पाहुणे झोपलेत, पंखा नसला तरी वारा आहे, असा त्यांचा विचार. पण सीपॅपवाल्या माणसाचं काय, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही. तुमचं रिसॉर्ट यातलं कुठलं, ते इथे बसून मला सांगता येणार नाही, त्यांनाच विचारावं लागेल.

"चोवीस तास वीज आहे का" एवढंच विचारलंत तर "हो" असंच उत्तर येईल, बुकिंगवाला कशाला नाही म्हणेल. नेमकं विचारा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात खोलीतल्या भिंतीवरच्या पॉइंटला वीज असते का? कारण काही ठिकाणी रात्री फक्त दिवे आणि पंखा बॅटरीवर चालू ठेवतात, पॉइंट बंद असतात. दुसरं, पलंगाच्या उशाला पॉइंट आहे का, की समोरच्या भिंतीवर आहे? तसं असेल तर एक्स्टेंशन लागणार. तिसरं, वैद्यकीय उपकरणासाठी रात्रभर वीज देता येईल का? हा शब्द मेलमध्ये जरूर घाला. आमच्याकडे अशी विनंती आली की त्या खोलीला वेगळी लाइन ओढून द्यायचो किंवा पाहुण्यांना वेगळी खोली द्यायचो. आयत्या वेळी रात्री नऊला सांगितलं तर मात्र हात बांधलेले असायचे.

उत्तर काहीही येवो, मी तुमच्या जागी असतो तर सीपॅपची स्वतंत्र बॅटरी बरोबर ठेवली असती. मशीन जिथून घेतलं त्यांच्याकडेच मॉडेलला जुळणारी मागा, कारण काही मशीनना 24 व्होल्ट लागतात, काहींना 12, आणि पिनही वेगळी असते. एक रात्र घरीच बॅटरीवर काढून बघा, किती तास पुरते ते कळेल. पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी या दोन गोष्टी बॅटरी भराभर पितात. त्या बंद ठेवून झोप लागते का, हे डॉक्टरांना विचारून घरीच आजमावा. फिजीची हवा तशीही दमट आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना ह्युमिडिफायरशिवाय चालून जातं, पण वडिलांच्या नाकाचं मी सांगू शकत नाही.

बॅटरी विमानात नेण्याचा नियम: लिथियमची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच. 100 वॉट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही, 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाला नेता येत नाही. पॉवर बँकेवर नुसते एमएएच लिहिलेले असतील तर 3.7 ने गुणून हजाराने भागा. 20,000 ची 74 वॉट-अवर, म्हणजे ठीक. 30,000 ची 111, तिथे परवानगी नसेल तर अडवतील. सीपॅप मशीनसुद्धा चेक-इनला देऊ नका, डॉक्टरांचं पत्र लावून हातात ठेवा. बॅग दुसऱ्या विमानाने आली तर कपडे विकत मिळतील, मशीन मिळणार नाही.

बेटावरच्या जनरेटरबद्दल अजून एक. पाण्याचा पंप किंवा फ्रीझरची मोटर चालू झाली की क्षणभर दिवे मंद होतात. चार्जरना त्याचं काही वाटत नाही. पण वीज पूर्ण जाऊन परत येताना पहिला झटका वाईट असतो. म्हणून लाइट गेली की लॅपटॉपची वायर काढून ठेवा आणि आल्यावर दोन मिनिटं थांबून लावा. गावाकडे आपण फ्रिजचं करतो तसंच.

मेहुणीबाईंचा मामला मात्र उलटा आहे. तुमच्या दुकानदाराचा डबा कोणाला लागू होत असेल तर त्यांना. त्यांचा मोबाइल आणि लॅपटॉप ठीकच, फक्त पिनचा ॲडॉप्टर हवा, तोही अमेरिकन पिन बसणारा. पण अमेरिकेतलं ड्रायर किंवा केस कुरळे करायचं यंत्र 120 व्होल्टचं असतं. ते 240 ला लावलं की करंट दुप्पट आणि उष्णता चौपट, 1500 वॉटचं यंत्र एकदम 6000 वॉट ओढायला बघतं. एमसीबी पडला तर नशीब, नाही तर कॉइल लाल होऊन धूर. आणि ॲडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. हे माहीत नसल्याने जळालेली यंत्रं मी किती उचलून कचऱ्यात टाकली त्याला गणती नाही. काही प्रवासी ड्रायरला मुठीजवळ नाण्याने फिरवायची एक खाच असते, 125 आणि 250 अशी. त्यांचं तसं असेल तर न्यूयॉर्कच्या विमानात बसण्यापूर्वीच 250 वर फिरवून ठेवायला सांगा. नसेल तर ते घरीच ठेवून तुमच्या बायकोचं स्ट्रेटनर दोघींनी वाटून घ्यावं. 1500 वॉट पेलणारा कन्व्हर्टर विटेएवढा जड असतो. बहिणी-बहिणींच्या मधे मी पडत नाही, विजेचं तेवढं सांगतोय.

सिंगापूरला विमानतळावर थांबणार असाल तर तिथे ब्रिटिश चौकोनी पिना आहेत. वरच्या अर्थिंगच्या भोकात पेनचं टोपण घालून आतली झडप उघडायची आणि आपला दोन पिनांचा चार्जर कोंबायचा, ही युक्ती आपली मंडळी जगभर करतात. ती झडप सुरक्षेसाठी असते. यूएसबीची तोंडं बऱ्याच खुर्च्यांना आहेत, ती वापरा. बाथरूममध्ये आरशाजवळ "फक्त शेव्हर" लिहिलेला दोन पिनांचा पॉइंट दिसला तर त्यात ट्रिमर लावा, दुसरं काही नको. आतला ट्रान्सफॉर्मर अगदी चिमुकला असतो.

राहता राहिलं आईंचं डासांचं मशीन. डास आहेत आणि डेंग्यूही आहे, त्यामुळे काळजी रास्त आहे. वीज तीच, मशीन चालेल. पण ते लिक्विडचं असेल तर बाटली सरळ उभी राहायला हवी, आणि आपल्या मशीनच्या पिना ॲडॉप्टरमध्ये कशा बसतात त्यावर बाटली उभी राहील की आडवी होईल हे ठरतं. घरी ॲडॉप्टर हातात, भिंतीवर बसेल तसा धरा, म्हणजे एकटी उभी पिन खाली, आणि मशीन लावून बघा. बाटली आडवी झाली तर मशीन घरीच ठेवा आणि नांदीच्या सुपरमार्केटातून कॉइल किंवा अंगाला लावायचं मलम घ्या. बेटावर लाइट गेली तरी कॉइल जळत राहते.